चारी बाजूंनी पडदा

वॉर्डात तिला फौजदार म्हणत. तोंडावर सिस्टर, पाठ फिरली की फौजदार. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बत्तीस खाटांचा अपघात विभाग, अकरा परिचारिका आणि त्यांच्यावर ही, सहा वर्षं इन्चार्ज. उंचीने बेताची, आवाजाने मुळीच नाही. घरी नवरा म्हणे, "अगं, इथे दोनच खाटा आहेत, जरा हळू बोल."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मेलेल्या माणसाच्या मुलाने तिला बेडपॅनने झोडपलं होतं. पुढचे दोन दात गेले. तेव्हाची इन्चार्ज औषधांच्या खोलीत आतून कडी लावून बसली होती. सगळं शांत झाल्यावर ती बाहेर आली, केस सारखे केले आणि म्हणाली, "फरशी पुसून घ्या." तो राग फौजदाराच्या डोक्यातून कधी उतरला नाही. स्वतः इन्चार्ज झाली त्या दिवशी तिने पहिलं काम काय केलं असेल, तर त्या खोलीची कडी स्क्रू काढून फेकून दिली. तिला नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला दोनदा पाठवलं होतं. तिथले बाण आणि चौकोन तिने वहीत मन लावून उतरवले, आणि परत आल्यावर वही कपाटावर टाकली.

तिची पद्धत वेगळीच होती. मरणाची बातमी फक्त ती सांगणार, तीही माणसाला बाकावर बसवून. आणि सांगण्याआधी वॉर्ड तयार हवा. रोगी गेला की त्याच्या खाटेभोवती चारी बाजूंनी पडदा ओढायचा. एरवी अंग पुसायचं असो की जखम बांधायची असो, परिचारिकांच्या टेबलाकडची बाजू वीतभर उघडी ठेवायची. पूर्ण बंद पडदा दिसला की कुणी काही बोलायचं नाही. दोघींनी आसपासचे सलाईनचे रिकामे स्टँड, कात्र्या, काचेच्या बाटल्या हलवायच्या, तिसरीने दारावरच्या शिपायाला बोलवायचं, चौथीने फौजदाराला. सहा वर्षांत एकीलाही टाका पडला नव्हता. इतर वॉर्डांच्या इन्चार्ज येऊन पाहून जात, आणि ही वरवर "त्यात काय एवढं" म्हणत फुगत असे.

एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. वॉर्डात दिवसच्या दिवस काढणाऱ्या नातेवाइकांनाही डोळे असतात.

सात नंबरच्या खाटेवर एक रंगारी होता. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडलेला, चार दिवस श्वासाच्या मशीनवर. त्याचा थोरला भाऊ वेल्डर, ढालीसारखी छाती, चार दिवस व्हरांड्यात बसून. त्या चार दिवसांत तीन खाटांभोवती पडदा पूर्ण बंद झालेला त्याने पाहिला होता, आणि तिन्ही वेळा पुढे काय झालं तेही. पाचव्या दिवशी सकाळी रंगाऱ्याने डॉक्टरांचं बोट दाबलं. वेल्डर पहिल्यांदा हसला आणि औषधं आणायला खाली गेला.

त्याच सकाळी एक नवी परिचारिका कामावर रुजू झाली. नव्या मुलीला पहिल्या तासात पडद्याचा नियम फौजदार स्वतः समजावी, दुसऱ्या कुणाला सांगू देत नसे. पण त्या दिवशी तिला ड्यूटीच्या तक्त्यासाठी वर बोलावलं होतं. ती जाता जाता म्हणाली, "सात नंबरचं अंग पुसून घे, मी आलेच."

मुलगी लाजाळू. परक्या पुरुषाचे कपडे काढायचे, आणि शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाया बघतायत. तिने पडदा चारी बाजूंनी ओढून घेतला. तिच्या जागी कुणाही भल्या मुलीने हेच केलं असतं.

बंद पडदा दिसताच वॉर्ड घड्याळासारखा चालू लागला. दोघी मुकाट्याने स्टँड उचलू लागल्या. शिपाई आत आला. आणि नेमका तेव्हाच औषधांची पिशवी घेऊन वेल्डर दारात उभा राहिला. त्याने पडदा पाहिला, स्टँड पाहिले, शिपाई पाहिला. त्याला आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

पिशवी पडली. परिचारिकेच्या हातातला स्टँड त्याने हिसकला आणि शिपायाच्या तोंडावर हाणला. शिपाई दात थुंकत खाली बसला. दुसऱ्या फटक्यात औषधांचं काचेचं कपाट फुटलं, तिसऱ्यात टेबलामागच्या परिचारिकेचा खांदा. "मारलात त्याला! सकाळी बरा होता, मारलात!" त्याच्या कामावरचे दोन सोबती व्हरांड्यातून धावले आणि दार अडवून बसले, कुणी पळू नये म्हणून. डॉक्टरही त्यामुळे बाहेरच राहिले.

फौजदार मागच्या जिन्याचं कुलूप आपल्याजवळच्या किल्लीने उघडून आत आली तेव्हा तो पडद्यावर घाव घालत होता. आत मुलगी रोग्यावर ओणवी झाली होती, त्याला अंगाखाली घेऊन. एक घाव तिच्या डोक्यावर बसला. पुढचा मशीनवर. मशीन कलंडलं, जमिनीवर आदळलं, आणि जाताना रोग्याच्या घशातली नळी ओढून घेऊन गेलं.

"तो जिवंत आहे!" फौजदार ओरडली. काचा फुटत होत्या, वेल्डरला ऐकू गेलं नाही. तिने मध्ये घुसून पुढचा घाव डाव्या हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत गेला. तेवढ्यात इतर रोग्यांच्या माणसांनी वेल्डरला मागून धरलं, पाडलं आणि लाथा घालत कोपऱ्यात दाबून ठेवलं.

हाताने दाबून श्वास द्यायची हवेची पिशवी होती. पण एका हाताने मास्क धरायचा की पिशवी दाबायची? "तू दाब," तिने मुलीला सांगितलं. मुलीच्या भुवईवरून रक्त पिशवीवर गळत होतं, पिशवी निसटत होती, तरी मुलगी दाबत राहिली. सोबत्यांना दारातून हटवायला सतरा मिनिटं लागली. डॉक्टर आत आले तेव्हा रंगाऱ्याचे ओठ निळे पडून गेले होते.

मुलीच्या कपाळाला सात टाके घातले. टाके घालून घेताना ती एकच विचारत होती, "सिस्टर, माझं काय चुकलं?" फौजदाराला उत्तर माहीत होतं.

रुग्णालयाचे मोठे साहेब आले. त्यांनी काचा पाहिल्या, तिचा लोंबणारा हात पाहिला आणि दार लोटून घेतलं. "त्या माणसाला वाटतंय की भाऊ आधीच गेला होता. तसंच राहू द्या. कागदावरही तसंच लिहा. पोरगी वाचेल, तुम्ही वाचाल, त्यालाही जगता येईल. आणि खरं लिहायचंच असेल, तर पडद्यावरून त्या पोरीला घरी बसावं लागेल, हे लक्षात ठेवा."

"पोरीला नाही. मला," ती म्हणाली. "नियम माझा, सांगायचं राहिलं तेही माझ्याकडून. आणि साहेब, माझ्या अकरा जणींना माहितीय तो जिवंत होता. आज मी खोटं लिहिलं, तर उद्या मारामारीत माझ्या शब्दावर यातली एक तरी उभी राहील का?"

"इन्चार्जपद जाईल तुमचं."

"जाऊ दे."

हात लाकडाच्या पट्टीला बांधून ती व्हरांड्यात गेली. वेल्डर बाकावर होता, दोन्ही बाजूंना पोलीस, ओठ फाटलेला. ती शेजारी बसली. तिला त्याचा संताप येत होता, कानाखाली जाळ काढावासा वाटत होता, आणि त्याच्याकडे पाहवतही नव्हतं.

"सिस्टर," तोच बोलला, "पडदा ओढला तेव्हाच गेला होता ना?"

हो म्हणायला एक श्वास पुरला असता.

"नाही, दादा. ती मुलगी त्याचं अंग पुसत होती. पडदा पूर्ण ओढायचा नसतो, हे मी तिला सांगितलं नव्हतं. तुमचा गैरसमज झाला तो माझ्यामुळे. मी तसं लिहून दिलंय."

"मग तो गेला कशाने?"

"मशीन पडलं. नळी निघाली."

"मशीन कुणी पाडलं?"

तिने नजर वळवली नाही. हळूहळू त्याचे डोळे स्वतःच्या उजव्या हातावर गेले. मग तो उठला. पोलीस सावरायच्या आत त्याने ती मूठ भिंतीवर हाणली, पुन्हा हाणली, बोटांची कातडी सोलून निघाली. तिसऱ्यांदा त्याने हात मागे नेला, तेव्हा फौजदाराने आपला उरलेला धड हात भिंतीवर पालथा ठेवला, आणि तो घाव त्यावर घेतला.