चिठ्ठीतली शेवटची ओळ

बेल्याच्या मंडल ऑफिसातला आमचा अटेंडर, म्हणजे शिपाई, जिना चढताना डावा पाय आधी ठेवायचा आणि उजवा मागून ओढून घ्यायचा. हाक मारली की वरूनच म्हणायचा, "येऊन राह्यलो, साहेब."

एकदा त्यानं डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली. खुब्याचा सांधा झिजलाय. गोळ्या घे, काठी वापर, नाहीतर सांधा बदलायचं ऑपरेशन, असं मी सांगितलं. जिना चढू नये, ही शेवटची ओळ मात्र गिळली. जुन्या फायली माडीवर होत्या आणि त्या मलाच रोज लागायच्या.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत त्यानं माझ्यासमोर फाइल ठेवली.

"बायको म्हणे, जिना नोका चढू. मी म्हणलं, चिठ्ठीत असतं तं साहेबानं सांगतलं नसतं काय?"