फासा कशाला टाकायचा

माण गावात आमच्या भातखाचरावर आता तीन मजली खोल्या आहेत. वरच्या मजल्यावर आयटीतल्या तीन मुली भाड्याने राहतात. रविवारी दुपारी त्या चटई टाकून एक खेळ खेळतात. प्रत्येकीने गोष्टीतलं एक माणूस व्हायचं. अमरावतीची मुलगी गोष्ट सांगते, आणि एखादं काम जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. एक मैत्रीण नोकरी बदलून गेली म्हणून त्यांनी मला बसवलं.

"काकू, तुम्ही वाईट बाई व्हा. आमच्या टोळीत सगळ्या चांगल्याच निघाल्या, काम अडतं."

झाले. टोळीला एका म्हातारीची जमीन हवी होती. बाकीच्या तिची विनवणी करायला निघाल्या. मी म्हटलं, थांबा. आधी तिला पोटभर जेवू घाला. मग ओटी भरा. मांडीवर काठाची साडी ठेवा, साडीवर कागद. कागद वाचायचा नाही. फक्त म्हणायचं, "वन्सं, घरचाच कागद आहे, इथं सही करा."

"वन्सं म्हणजे नणंद ना? ही म्हातारी कुठून तुमची नणंद झाली, काकू?" सगळ्या हसल्या. "टाका फासा. बाराच्या वर पडलं तर फसली."

"फासा कशाला टाकायचा? करतेच ती सही."

तरी टाकला. सतरा पडले.

"लय डेंजर आहात काकू! सुचतं कसं हे?"

सुचलेलं नव्हतं. सासरे गेल्यावर माझ्या नणंदेने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क अशीच सही करून सोडला होता. साडी मीच निवडली होती. ओढ्याकडचा एक तुकडा तेवढा त्या कागदात घालायचा राहिला होता. आता तिथेही खोल्या बांधायच्या, म्हणून दुसरं हक्कसोडपत्र टाइप करून आणलं होतं. पुढच्या रविवारी वन्सं येणार, सोमवारी पौडला नोंदणी. नवी साडी कपाटात होती.

खाली येऊन कुकर लावला. काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी वन्सं आल्या, जेवल्या. मी ओटी भरली, साडी ठेवली, वर कागद. त्यांनी पर्समधून पेन काढलं. वरच्या फरशीवर फासा पडल्याचा आवाज आला.

"थांबा वन्सं. वाचते."

"वाचतीस कशाला?" आमचे हे म्हणाले. "घरचाच कागद हाय."

मी वाचला. गट नंबर, चारी बाजूंच्या हद्दी, "कायमचा व बिनमोबदला हक्क सोडत आहे", सगळं, लाइटचं बिल वाचावं तसं.

"मागल्या टायमालाबी ह्येच लिवलं व्हतं, वयनी?"

"हो."

"तवा न्हाई वाचलंस."

"नाही वाचलं."

हे उठून बाहेर गेले. वन्संनी पेनाला टोपण लावलं. मांडीवरची साडी उचलून माझ्याकडे दिली. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"ह्यो मी नेते. पोरीला दाखवते. मग काय त्ये सांगंन."

"न्या."

वरून हाक आली, "काकू, या ना! म्हातारीच्या शेतावर पोचलो आपण."

"आज नाही," मी जिन्यातून सांगितलं आणि चहाचं आधण ठेवलं.