मोडीतली भांडी, बापाचा धोटा

कणकवलीच्या स्टँडवर आईने माझ्या हातातली पिशवी दोनदा काढून घेतली आणि दोनदा परत दिली. तिला आणखी काहीतरी कोंबायचं होतं, पण कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुके बांगडे भरल्यावर पिशवीत बोट घालायला जागा उरली नव्हती. "थंय पयला पाण्याचा बघ गो," ती पुन्हापुन्हा सांगत होती. "बाकीचा सगळा होता." बाबल, तू तेव्हा शाळेच्या खाकी चड्डीत होतास. माझ्याकडे बघायला नको म्हणून एसटीच्या टायरला काठीने टोचत उभा होतास. ताई, तू त्याआधीच लग्न होऊन मुंबईला गेली होतीस आणि पुढच्याच वर्षी भावोजींबरोबर मस्कतला जाणार होतीस. म्हणजे तुम्ही दोघं दोन टोकांना. मधे मी, नागपुरात. त्यामुळे हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे.

ह्यांना हिंगण्याच्या एका कारखान्यात टर्नरची नोकरी लागली होती. कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर यायची आणि ते गेले की दोन खोल्यांत मी एकटी. समुद्र नाही, नारळ नाही, मे महिन्यात भिंतीला पाठ लावली तर चटका बसे. पण सगळ्यात जड गेली ती भाषा. मराठीच, पण माझी नव्हे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या कमलाबाई दारात येऊन म्हणाल्या, "वैनी, जरा गंज देता काय?" माझ्या घरात सगळी भांडी नवीकोरी. गंज कुठून देऊ? मी तसं म्हटलं तर त्या एवढ्या हसल्या की दाराची चौकट धरून खाली बसल्या. इथे पातेल्याला गंज म्हणतात. तांब्याला गडवा, कळशीला गुंड. त्या दिवशी त्यांनी मला माझ्याच स्वयंपाकघरात फिरवून एकेका भांड्याचं नाव नव्याने शिकवलं आणि आमची जी गट्टी जमली ती जमलीच.

कमलाबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. नवरा मिलमध्ये. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली इथेच दीक्षा घेतली तेव्हा त्या पांढरं परकर-पोलकं घालून गर्दीत आईचा पदर धरून उभ्या होत्या. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, आणि घर असं लखलखीत की माझी आईसुद्धा नावं ठेवू शकली नसती.

ते दिवस स्टीलचे होते. ज्याला त्याला स्टीलचे डबे हवे होते आणि घराघरांतलं पितळ-तांबं बाहेर पडत होतं. कमलाबाईंबरोबर मी इतवारीत भांडेबाजारात गेले ती डब्यासाठीच. दुकानाच्या पायरीशी मोडीत आलेल्या भांड्यांचा ढीग पडला होता. त्यात मला एक बोंडलं दिसलं. पितळेचं, होडीच्या आकाराचं, पुढे लांब चोच. तान्ह्या बाळाच्या ओठाशी धरून दूध पाजायचं ते. बाबल, तू झालास तेव्हा आई दोन महिने आजारी होती आणि अशाच बोंडल्याने मी तुला दूध पाजलं. तू अर्धं पोटात घ्यायचास, अर्धं माझ्या परकरावर सांडायचास. मी तिथेच पायरीवर बसले. डबा राहिला, बोंडलं घेऊन घरी आले.

"काहून वं वैनी," कमलाबाई वाटेत म्हणाल्या, "लोक जुनं देऊन नवं घेऊन राहिले, अन् तुम्ही उलटं करून राहिल्या!"

खरंच उलटं होतं ते. पण मग थांबता येईना. महिन्याकाठी इतवारीत एक फेरी व्हायची आणि घरी काहीतरी यायचं. पोपटाच्या आकाराचा अडकित्ता, झाकणाला साखळी असलेलं चुनाळं, शेवयांचा लाकडी साचा, धान्य मोजायची मापं. देवादिकांच्या मूर्तींकडे माझं मन कधी गेलं नाही. मला हव्या होत्या त्या रोज कुणाच्या तरी हातात असलेल्या वस्तू. जिथे बोट टेकायचं तिथे झिजलेल्या. ह्यांनी कारखान्यातल्या पॅकिंगच्या फळ्या आणून भिंतभर मांडणी करून दिली. वर म्हणाले, "आता आपण झोपायचं कुठे तेवढं ठरव."

ताई, तू पहिल्यांदा सुट्टीवर आलीस तेव्हा तिकडची कॉफीची किटली आणलीस. तिची चोच पक्ष्यासारखी. किटली तुझ्या शेजारणीची, ती म्हातारी झाली होती आणि तिच्या सुनांना थर्मास हवा होता, असं तू सांगितलंस. म्हणजे मस्कतलाही तेच चाललं होतं! मग हिवाळ्यात सीताबर्डीच्या फुटपाथवर स्वेटर विकणारी एक तिबेटी बाई दिसली. ती एका लाकडी वाटीतून चहा पीत होती. मी वाटीकडे बघत राहिले. तिने ओळखलं, वाटी छातीशी धरली आणि मान हलवली. देणार नाही. पुढच्या हिवाळ्यात मात्र तिने मला हाक मारली आणि तशीच दुसरी वाटी पुढे केली. तिच्या नवऱ्याची होती, तो आता नव्हता. ती म्हणाली, "तुम रखो. मेरे पास देखती हूँ तो रोना आता है।" ती वाटी घरी आणल्यावर बराच वेळ मी तिला मांडणीत ठेवू शकले नाही. हातातच घेऊन बसले.

अशी काही वर्षं गेली. गल्लीतल्या महिला मंडळाने ठरवलं की माझ्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं. मंडळाच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरून आम्ही सगळं मांडलं. प्रत्येक वस्तूसमोर पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर नाव. बायका आल्या, मुलं आली. म्हाताऱ्या बायका शेवयांच्या साच्याला हात लावून एकमेकींना ढोसत होत्या. कमलाबाई शेवटी आल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"सारं पायलं वैनी. लय चांगलं हाय." मग म्हणाल्या, "आमच्या घरचं काही नाई याच्यात."

त्यात तक्रार नव्हती. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं, एवढंच.

"मग द्या ना," मी म्हटलं.

"देव तर दीक्षा घेतल्यावर बापानं सारे नदीत सोडले. भांडी मातीची होती, ते कुठं राहतात?" एवढं बोलून त्या गेल्या. संध्याकाळी परत आल्या तेव्हा पदराखाली काहीतरी होतं. विणकराचा धोटा. मागावर उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो. काळं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड, आणि मधे अंगठ्याच्या जागी एक गुळगुळीत खोलगट खूण. त्यांचे वडील हातमागावर जाडीभरडी लुगडी विणायचे. "ठेवा," त्या म्हणाल्या. "पण नुसतं धोटा म्हणून नका लिहू. माया बापाचं नाव लिहा. गणपत."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी तिथेच होती.

तिसऱ्या दिवशी त्यांचे मोठे भाऊ आले, सुखदेवभाऊ. उंच, कडक इस्त्रीचा सदरा. हॉलमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी मोठ्याने विचारलं, "बाई, आमच्या बापाची मजुरी शोभेले ठेवता काय तुम्ही?"

कमलाबाई उठून पुढे आल्या, "दादा, मी देल्ला."

"तुले कोणी विचारलं? ते दिवस मागं टाकाले बापानं जल्म घालवला, अन् तू ते चादरीवर मांडून राहिली?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला जुन्याचा लळा होता, कारण माझ्या जुन्यात आई होती, समुद्र होता. त्यांच्या जुन्यात काय होतं, मला ठाऊक नव्हतं. मी धोटा उचलला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "तुमचा आहे, भाऊ. घेऊन जा."

त्यांनी तो घेतला. त्यांचा अंगठा आपसूक त्या खुणेत जाऊन बसला. मला वाटतं त्यांना ते ठाऊकही नव्हतं की असं होईल. ते तसेच उभे राहिले. मग खुर्चीवर बसले आणि खाली बघत बोलू लागले.

"मी लहान होतो. बापासंग बाजारात जाओ. सावकार म्हणे, लुगडं खाली ठेव. खाली ठेवलं का त्याच्यावर पाणी शिंपडे, मंग उचले. आमचा हात लागला होता ना. अन् तेच लुगडं मंग त्याच्या घरच्या बाया नेसत. बाप घरी येऊन सांगे अन् हासे. म्हणे, साऱ्या गावाच्या अंगावर माया हात हाय, कोणाकोणावर पाणी शिंपडतीन?"

कमलाबाई डोळ्याला पदर लावून हसत होत्या. सुखदेवभाऊंनाही हसू आलं.

त्यांनी धोटा नेला नाही. जागा मात्र बदलली. पोपटाचा अडकित्ता बाजूला सरकवून स्वतःच्या हाताने मधोमध ठेवला. "हे पाण्याचंबी लिहा," म्हणाले. "नाई तर लोकाईले वाटन, बाप मजेत विणे." मी लिहायला बसले, ते सांगत गेले.

त्यानंतर माझी मांडणी बदलली. वस्त्यांमधून लोक आपणहून येऊ लागले. कुणी विडीची पानं कापायची कात्री आणली, कुणी घोंगडीवाल्याची फणी. मी वस्तूचं नाव विचारायच्या आधी माणसाचं विचारू लागले. सुखदेवभाऊ अधूनमधून रविवारी यायचे, मुलांना धोटा हातात देऊन कसा फेकायचा ते दाखवायचे आणि जाताना मला बजावायचे, "तेल लावत जा बाई, लाकूड फाटन."

आता आम्ही शहराच्या कडेला मनीषनगरात घर बांधलं आहे. आजूबाजूला अजून मोकळे प्लॉट आहेत, रात्री टिटव्या ओरडतात. एक खोली फक्त वस्तूंची आहे. कमलाबाई आता शेजारी नाहीत, पण सिटी बसने येतात, आणि आल्या की आधी त्या खोलीत जातात, मग चहा.

बाबल, मागच्या मे महिन्यात मी गावी आले होते. आई आता थकली आहे, पण माझ्यासाठी तिने फणसाची साटं वाळवून ठेवली होती. निघायच्या दिवशी मी पिशवी उचलली आणि आईच्या पाया पडून म्हटलं, "मी जातो घरी."

तू ओट्यावर बसला होतास. खो खो हसलास. "जातो? बापयमाणूस झालंस काय गो?"

नागपुराकडे बायकाही जातो-येतोच म्हणतात. इतक्या वर्षांत कधी माझ्या जिभेवर येऊन बसलं, कळलंच नाही. मीही हसले. पण तुझ्या लक्षात आलं नाही, आणि आईच्या आलं. 'जातो' तिला खटकलंच नाही. ती 'घरी'पाशी थांबली होती. माझ्याकडे बघून तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा तर. घरात लोका वाट बघीत आसतली."

वाट बघत होतीच. स्टेशनवर हे होते, आणि घरी कुलूप उघडून, पाणी भरून कमलाबाई.