पंधरा सेकंदांतले थेंब

ग्रामीण रुग्णालयातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात अँब्युलन्सने पेशंट नेताना, नर्स म्हणून माझं पहिलं लक्ष शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाच्या बॅटरीकडे असतं. त्या दिवशी बॅटरी भरलेली दिसत होती. तरी वाटेत कट्टा गावाच्या अलीकडे पंप बंद पडला.

स्ट्रेचरवर आचऱ्याचा एक मच्छीमार होता. पायाच्या जखमेचं विष अंगात पसरलेलं, वरचं प्रेशर ऐंशीच्या आत. ते धरून ठेवणारं औषध शिरेतून चालू होतं. डॉक्टरांनी मिनिटाला सहा मायक्रोग्रॅम सांगितलं होतं. कमी पडलं तर प्रेशर कोसळणार, जास्त झालं तर हृदयावर ताण येणार.

मी बाटली वर टांगली आणि बारीक थेंबांचा सेट जोडला. या सेटमध्ये साठ थेंबांचा एक मिलिलिटर होतो. अडीचशेच्या बाटलीत चार मिलिग्रॅम औषध असलं, तर मिनिटाला चार थेंब म्हणजे जवळजवळ एक मायक्रोग्रॅम. म्हणून मी पूर्ण मिनिट मोजतच नाही. पाव मिनिटात जितके थेंब, तितके मायक्रोग्रॅम. गुणाकार नाही, भागाकार नाही. सहा हवेत, तर पंधरा सेकंदांत सहा थेंब. घड्याळ धरून नळीवरची थेंब कमी-जास्त करणारी चाकी फिरवली आणि सहावर आणून ठेवली.

तेवढ्यात त्याला उलटी झाली. त्याला कुशीवर घेऊन मी तोंड साफ करू लागले. दोन्ही हात अडकले. गाडी वळणं घेत होती, बाटली हेलकावे खात होती आणि थेंबांची लय बदलली असेल अशी मला धास्ती. समोर त्याची बायको बसली होती, बाजारात मासे विकणारी. तिला म्हटलं, मी घड्याळ बघून सुरू म्हणेन तेव्हापासून पंधरा सेकंदांनी बस म्हणेपर्यंत पडलेले थेंब मोज.

तिने मोजले. "तीनच पडले, बाये."

निम्मं औषध जात होतं तर. एका हाताने मी चाकी सैल केली. पुन्हा मोजायला लावलं. चार. आणखी सैल केली. सहा. मला हायसं वाटलं.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "माझा डोक्या फुटता."

प्रेशर घेतलं. वरचं एकशे ऐंशी. पट्टा नीट बसला नसेल म्हणून सोडून परत बांधला. आकडा तोच. सहा मायक्रोग्रॅमला हा आकडा बसत नव्हता. मी थेंबांच्या नळीसमोर डोळे नेले आणि स्वतः मोजले. पंधरा सेकंदांत बारा.

"कसा मोजलंस गो?"

"जोडीन," ती म्हणाली. "बांगडे एकेक कोण मोजता?"

दोन्ही हातांत एकेक बांगडा, ती जोडी टोपलीत टाकली की मोजायची एक. तिचे तीन म्हणजे सहा होते, आणि मी ते बारा करून बसले होते. तिला बोलण्यात अर्थ नव्हता. विचारायला मी हवं होतं. चाकी मी थोडी थोडी आवळत आणली, एकदम नाही, कारण औषध एकदम कमी झालं की प्रेशर कोसळतं. दहा. आठ. सहा. प्रत्येक वेळी स्वतः मोजलं आणि परत प्रेशर घेतलं.

तिला काय घडलं ते कळलं होतं. तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आता तूही मोज, पण एकेक. कसालपासून ओरोसपर्यंत ती स्ट्रेचरच्या दांडीवर बोट आपटत प्रत्येक थेंब मोजत राहिली. मी बस म्हटलं तरी थांबेना. दारात पोचलो तेव्हा त्याचं प्रेशर एकशे दहा होतं आणि तो पाणी मागत होता.

तो वाचला. अजून लंगडतो, आणि होडीवर जाऊ देत नाहीत म्हणून घरी सगळ्यांवर चिडतो, असं तिनेच मला बाजारात सांगितलं. मी डझनभर बांगडे मागितले. तिने सवयीने दोन्ही हात टोपलीत घातले, माझ्याकडे बघितलं, आणि एक हात बाहेर काढला.

"तुका एकेक मोजतंय," ती म्हणाली. "तू परत मोजतलंस, ता माका ठावक आसा."

मी मोजले. बारा होते.