धाकटीचा डावा कान

माझी धाकटी बहीण सहा वर्षं नवऱ्याचा मार खाऊन माझ्याकडे आली, तेव्हा हातात एक पिशवी होती आणि डावा कान कामातून गेलेला. कपाट जरा जोरात लागलं तरी दचकायची. मी माझ्या नवऱ्याला, पोरांना सक्त ताकीद दिली. खोटं वाटेल, पण आमच्या घरात तीन वर्षं कुणी मोठ्याने शिंकलं नाही. तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं आणि ते चार लोकांत मिरवलंसुद्धा. आता त्याची लाज वाटते.

मग ती सोफ्याच्या कारखान्यात कव्हरं शिवायला जायला लागली. मी नको म्हणत होते, दिवसभर तिथे ठोकाठोकी. पण हट्टाला पेटली. तिथे एक सुतार होता, बायको वारून चार वर्षं झालेली. आवाज असा की सगळे त्याला भोंगाच म्हणत. तिला एका कानाने ऐकू येत नाही म्हटल्यावर हा पठ्ठ्या आणखीच ओरडायचा. लहानपणी कान फुटला, असं तिने त्याला सांगितलं होतं. त्याला ते खरं वाटलं.

एकदा मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले, तर बाईसाहेब करवतीच्या वरताण आवाज चढवून त्याला झापतायत, फळी वाकडी कापलीस, डोळे कुठे गहाण टाकलेस म्हणून. आणि तो खो खो हसतोय. घरी तिच्या हातून कढई दाणकन पडली, तर दचकली नाही, उलट "पड मेले" म्हणाली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. मी देवाला हात जोडायला हवे होते. पण मला त्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. चढ्या आवाजाचा माणूस काय करतो, ते आम्ही एकदा पाहिलं होतं.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात खिडकीवर बसते. सतरा वर्षं लोकांना नियम समजावतेय, फॉर्म कुठला, सही कुठे. ती खोड अंगात भिनलेली. एका दुपारी भोंग्याला बोलावून समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. कान कसा गेला, तेही. मागून यायचं नाही, आवाज चढवायचा नाही, थट्टेतसुद्धा हात उगारायचा नाही. एवढा धिप्पाड माणूस, पण तोंडाला रुमाल लावून रडला. मला वाटलं, चला, बहिणीचं भलं झालं.

माणूस चांगला होता, तेच नडलं. दुसऱ्या दिवसापासून कुजबुजत बोलायला लागला. खिळा मारण्याआधी "ठोकतोय हं" म्हणायचा. ती चिडली तर हसायचा नाही, मान खाली घालायचा. आठवडाभर तिने वाट पाहिली, मग सरळ विचारलं. त्याला खोटं बोलता येईना.

त्या संध्याकाळी ती चप्पलसुद्धा न काढता माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"जगात एकच माणूस होता, ताई, ज्याच्यापुढे मी मार खाल्लेली बाई नव्हते."

तुझ्या भल्यासाठीच सांगितलं, असं मी म्हणाले.

"मी सांगणारच होते. माझ्या तोंडाने, मला वाटेल तेव्हा."

लग्न मोडलं. भोंगा दोनदा माझ्या खिडकीशी येऊन विचारून गेला, माझं काय चुकलं म्हणून. काय सांगणार, कपाळ! सगळे नियम त्याने पाळले होते.

धाकटी दुसऱ्या गावी निघून गेली. महिन्याला फोन करते, पोरांची चौकशी करते. गोड बोलते, पण परक्यासारखी. एकदा पोरांसाठी तिने पार्सल पाठवलं, त्यावरचा पत्ता धरून मी न सांगता गेले. घराला कुलूप. घरमालकीण म्हणाली, नवरा-बायको कामावर गेलीत.

मी म्हटलं, "नवरा?"

"झाले की आठ महिने, इथल्याच माणसाशी. लग्नाला तिच्याकडून कुणीच नव्हतं. तिला कुणी नाहीच म्हणे. तुम्ही कोण?"

मोठी बहीण, हे अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, पूर्वी आम्ही एका कारखान्यात कामाला होतो, सहज आले होते. आल्याचं तिला सांगू नका म्हणाले आणि परत फिरले.