लतीफ मास्तरांची कात्री

बहारीनच्या नईम भागातल्या जुन्या गल्लीत खाली दुकान आणि वर दोन खोल्या, एवढंच लतीफ सोलकरांचं राज्य. माणूस रत्नागिरीजवळच्या फणसोपचा. बहारीनला येऊन अठ्ठावीस वर्षं झाली, पण कुणी गाव विचारलं की अजून छाती फुगवून फणसोपच सांगणार. शिवणकामात हात असा बसलेला, की सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते.

या राज्यात कायदा एकच. मास्तरांच्या मोठ्या कात्रीला कापडाशिवाय काही लावायचं नाही. कागद नाही, दोरी नाही, दुधाची पिशवी तर नाहीच नाही. मामांच्या हाताखाली शिकून निघताना मामांनी दिलेली ती कात्री. मास्तरांची एकुलती लेक सदफ सात वर्षांची असताना तिनं त्या कात्रीनं शाळेचा पुठ्ठा कापला होता. तेव्हा मास्तर दोन दिवस जेवले नव्हते, असं त्यांची बायको झोहरा सांगते. एकच दिवस, असं मास्तर सांगतात.

एरवी स्वभावानं गरीब. "आपण हितं पोटासाठी आयलाव, पंचायत करायला नाय," हे त्यांचं पालुपद. जुफेरच्या तळावरून अमेरिकन आरमारातली गिऱ्हाइकं येत, पँटची लांबी कमी करायला टाकत आणि बाकावर बसून आपल्याच देशाचं संविधान उसवायला घेत. कुणी काय बोलावं, कुणी बंदूक बाळगावी, राष्ट्रगीताला उभं राहायचं की बसायचं. आवाज चढत, हातवारे होत, आणि भांडून झालं की तेच लोक एकमेकांना चहा पाजत. मास्तरांना याची भारी मौज वाटे. एवढं भांडून मैत्री टिकते कशी, हे कोडं त्यांना कधी सुटलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र पंधरा दिवस अबोला होता. कॉलेजात जाणाऱ्या सदफनं कमरेपर्यंतचे केस चुलत बहिणीकडून, सबाकडून, मानेच्या वर कापून घेतले होते. "माय हेअर, अब्बा," एवढंच ती म्हणाली. तेव्हापासून मास्तरांनी तिच्याशी बोलणंच सोडलं. बापलेकीचे निरोप झोहरामार्फत जात. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता, आणि मास्तरांनाही करमत नव्हतं. पण माघार कोण घेणार?

अशात एका गुरुवारी दुपारी दोन गिऱ्हाइकं आली. एक नेहमीचे चीफ, आरमारातले जुने हुद्देदार, पन्नाशीचे, आडदांड. दुसरी त्यांच्या हाताखालची अजरा, डेट्रॉइटची, तिशीच्या आतली, डोक्याला घट्ट स्कार्फ. वर्दीवरही डोकं झाकायची लेखी परवानगी तिला मिळाली होती. त्यासाठी गडद निळं आवरण हवं होतं, टोपीखाली चपट बसणारं. रविवारी सकाळी तपासणी होती. वर्षभर खपून तिनं ही परवानगी मिळवली होती. आवरण बेढब दिसलं तर पहिल्याच दिवशी हसं व्हायचं.

"मला तिचं वाईट नको आहे," चीफ बाकावर बसत म्हणाले. "पण वर्दी म्हणजे वर्दी. अंगावर चढली की गोरा, काळा, गरीब, श्रीमंत, सगळे सारखे. समता म्हणतात ती हीच."

"मी माझ्यासारखीच राहूनही तुमच्या बरोबरीनं उभी राहू शकले, तर ती समता," अजरा म्हणाली. "स्वतःला दाराबाहेर काढून ठेवायचं असेल तर आत येऊन काय उपयोग?"

अर्धा तास जुंपली. दोघांचंही मास्तरांना पटत होतं, हीच पंचाईत. शेवटी चीफ वळले. "मास्तर, तुमचं काय मत?"

अठ्ठावीस वर्षांत मास्तरांना पहिल्यांदाच कुणी मत विचारलं होतं. हातातल्या टेपकडे बघत ते म्हणाले, "सर, क्लॉथ सेम. स्टिच सेम. बट मेजरमेंट... एव्हरीबडी डिफरंट."

अजरानं टाळी वाजवली. चीफ गडगडून हसले आणि म्हणाले, "या माणसाला आमच्याकडे न्यायाधीश करा!"

मास्तर तरंगतच वर गेले. ताट वाढता वाढता झोहरानं सगळं ऐकून घेतलं. "अमेरिकेचा निकाल लावलाव," ती म्हणाली. "आता घरच्या पोरीचा कदी लावताव?" मास्तरांनी डाळ भुरकली आणि ऐकलं नाहीसं केलं.

परक्या बाईच्या डोक्याला ते टेप लावत नसत. अजरानं मापं कागदावर लिहून दिली होती. तिनं लिहिलं नव्हतं ते मास्तरांनी आपल्या शहाणपणानं घातलं. बाईचं डोकं म्हणजे मागं अंबाडा असायचाच, हे काय सांगावं लागतं? त्यांनी मागं अंबाड्यापुरती जागा सोडली, झोहराच्या डोक्यावर बेतून बघितलं आणि स्वतःवरच खूश झाले.

शनिवारी संध्याकाळी अजरा आली. झोहरा शेजारच्या मुहर्रक गावी कुणाच्या मेहंदीला गेली होती. अजरा पडद्याआड जाऊन आवरण घालून बाहेर आली, तर मागं रिकामी थैली लोंबत होती. तिला हसू आवरेना. पण हसता हसता तिनं घड्याळ बघितलं, आणि चेहरा उतरला. तासाभरात तिला परत पोचायचं होतं.

मास्तरांच्या पायाखालची वाळू सरकली. स्वतःच्या डोळ्यांनी बसवून बघितल्याशिवाय त्यांनी जन्मात कधी कात्री चालवली नव्हती, आणि तिला उघड्या डोक्यानं समोर बसवणं शक्य नव्हतं. आत केस आहेत तरी केवढे? विचारणार कोण?

जिन्यावर पाऊल वाजलं. आवाज ऐकून सदफ खाली आली होती. अजराचा उतरलेला चेहरा बघून ती तिला घेऊन पडद्याआड गेली. आत दोघींची खसखस पिकली. सदफ डोकं बाहेर काढून म्हणाली, "अब्बा, सेम टू सेम! माझ्याएवढेच केस."

पंधरा दिवसांतला तो पहिला शब्द. मास्तरांनी स्टूल पुढं ओढलं. "बस."

सदफ बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर आवरण चढवलं, मागची थैली चिमटीत धरली, टाचण्या लावल्या. बोटं मानेशी गेली तेव्हा लक्षात आलं, की लहानपणी तेल लावताना हात फिरायचा ते हेच डोकं. केस गेले होते, डोकं काही बदललं नव्हतं. मास्तरांना स्वतःची लाज वाटली. बाहेरच्यांना 'मेजरमेंट' शिकवलं आणि घरच्या लेकीला पंधरा दिवस झोहराच्या अंबाड्याचं माप लावून बसलो! लाजेपाठोपाठ हसूही आलं, आणि छातीवरचं ओझं उतरलं.

वीस मिनिटांत मशीन थांबलं. अजरा पडद्याआडून आली ती ताठ मानेनं. आवरण कातडीसारखं बसलं होतं. तिनं सदफला मिठी मारली, मास्तरांना छातीवर हात ठेवून सलाम केला आणि धावत गेली. रविवारी दुपारी चीफ स्वतः सांगायला आले, की सगळं निर्विघ्न पार पडलं. "वाद मी अजून हरलेलो नाही," ते म्हणाले, "पण शिलाई फर्स्ट क्लास!" ते झालं रविवारचं. शनिवारची गोष्ट अजून संपली नव्हती.

अजरा गेल्यावर सदफ जिन्याकडं निघाली, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "थांब. बस परत."

ती बसली. मास्तरांनी तिच्या मानेकडं चष्म्यातून निरखून बघितलं. "सबानं कापले ना? मागची लाइन वाकडी हाय. पंधरा दिस झाले, डोळ्यात खुपताय."

त्यांनी तिच्या खांद्यावर कापड टाकलं, कंगवा घेतला आणि टेबलावरची मोठी कात्री उचलली.

सदफ दचकून अर्धी उठली. "अब्बा! ती कापडाची!"

"मना माहीत हाय," मास्तर म्हणाले. "मान सरळ ठेव."