मालधक्क्यावरची ठकठक

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. माणसांवरही बेताचाच... सुपरवायझरकी करून करून असं होतं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

नाशिकरोड आणि लासलगाव यांच्या मधलं एक छोटं स्टेशन, नाव देत नाही. तिथला इंग्रजांच्या काळातला मालधक्का आम्ही गेल्या एप्रिलात पाडत होतो. दगडी भिंती, सागाच्या तुळया, वर पत्रा. कधीकाळी इथून कांद्याच्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, भरून जायच्या, आता एकच गंजकी वाघीण रुळावर उरली होती. सुरगाण्याकडचे सहा मजूर माझ्या हाताखाली होते. त्यांच्या जिवाची जबाबदारी माझी.

रोज थोडं लोखंड गायब व्हायचं. माझा संशय वॉचमन दगूबाबांवर होता. ते तिथलेच जुने हमाल. फार गोड बोलायचे, म्हणून जास्तच संशय.

त्या दुपारी जेवून मजूर धक्क्याच्या शेडमध्येच आडवे झाले. मी बाहेर फोनवर. तेवढ्यात वाघिणीकडून आवाज आला — ठक... ठक... ठक. लोखंडावर काठी मारत कुणीतरी चालत असावं तसा, पुढे सरकणारा. म्हटलं, आज चोर सापडला! सगळ्यांना उठवून दोन्ही बाजूंनी पळवलं. वाघिणीपाशी कुणीच नाही. धुळीत पाऊलसुद्धा नाही. दगूबाबा तर लांब गेटवर माठ भरत होते.

सोमनाथ, मजुरांचा मुकादम, फुकट झोप मोडली म्हणून कुरकुरत होता. तेवढ्यात शेडचं अर्धं छप्पर तुळयांसकट खाली आलं. चपला, डबे, सगळं त्याखाली.

मी मजूर मोजले, सहाच्या सहा बाहेर होते. दगूबाबांना आवाजाचं सांगितलं, तर त्यांनी वाघिणीकडे बोट केलं.

"पूर्वी आम्ही हमाल दुपारचं वाघिणीखालीच झोपायचो," ते म्हणाले. "इंजिन जोडायच्या आधी एक जण काठी आपटत जायचा. उठा म्हणून. लय वर्सं झाली ते बंद होऊन."

म्हाताऱ्यानंच काहीतरी केलं असेल, असं मला अजून वाटतं. पण कसं? मी त्यांना गेटवर डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या आवाजाचा उलगडा आजही झालेला नाही.

छप्पर का पडलं, ते मात्र मला ठाऊक आहे. सकाळी वर चढून तुळया तपासायचं काम माझं होतं. मी कंटाळा केला आणि रजिस्टरमध्ये 'तपासल्या' लिहून सही ठोकली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सोमनाथची बायको सणावाराला नागलीचे पापड पाठवते. साहेबांनी माझा नवरा वाचवला, म्हणते. मी ते ठेवून घेतो.